दीड वर्षाच्या मुलाला कालपासून जुलाब होताहेत. सासूबाई म्हणतात दूध तोड, नुसती पेज दे. काय करू?

पेज द्याच, पण तिच्यावर विसंबू नका. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज पोटाला मानवते, पण अंगातून गेलेले क्षार भरून काढायला ओआरएसच हवं. एक लिटरची पुडी असेल तर अख्खी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धी पुडी पेल्यात ओतून अंदाजपंचे करू नका, घट्ट झालं तर उलट त्रास होतो. दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पुडी फार्मसीतूनच आणा.

अंगावरचं दूध मात्र अजिबात तोडू नका, सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर! झिंक डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करा.

शीमध्ये रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा पोर मलूल पडून पाणीही घेईना, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन लावा, नाहीतर थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा.