पाप्याचं पारडं खाली का गेलं?

तुम्ही एका जुन्या चित्राचा फोटो टाकून विचारलंत, की पुण्याऐवजी पाप्याचं पारडं खाली कसं, चित्रकार चुकला का? चित्रकार चुकलेला नाही. तुम्ही टाकलेला फोटो फ्रान्समधल्या बोन गावचा आहे (जर्मनीतलं बॉन वेगळं). चित्र रोखिर व्हान डर वेयडनचं, साधारण 1445 ते 1450 च्या दरम्यानचं, 'अंतिम न्याय', म्हणजे जगाच्या शेवटी होणारा सगळ्या माणसांचा निवाडा. मधोमध पांढऱ्या झग्यातला देवदूत मीखाएल तराजू धरून उभा आहे. एका पारड्यात हात जोडलेला माणूस, त्याच्यावर 'विर्तुतेस', म्हणजे सद्गुण. दुसऱ्यात किंचाळणारा, त्याच्यावर 'पेक्काता', म्हणजे पापं. आणि हा किंचाळणाराच खाली गेलाय.

पुण्य जड असायला नको का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण बायबलमध्ये वजनाच्या दोन्ही कल्पना आहेत. दानीएलच्या पुस्तकात बेलशस्सर राजाला तराजूत तोललं जातं आणि तो उणा भरतो, म्हणजे तिथे हलकं असणं हाच दोष. उलट स्तोत्रसंहितेच्या 38 व्या स्तोत्रात अपराध हे न पेलणारं ओझं आहे. आपणही एका तोंडाने 'पुण्याचं पारडं जड' म्हणतो आणि दुसऱ्या तोंडाने 'पापाचं ओझं'. त्यात आपल्याला कधी विसंगती वाटली आहे का? रोखिरने ओझं निवडलं.

हान्स मेमलिंगने 1467 ते 1471 च्या सुमारास याच विषयावर काढलेलं चित्र आज पोलंडमधल्या ग्दान्स्कला आहे. ते शेजारी ठेवून पाहा. तिथे पुण्यवान जड आहे, तोच खाली बसलाय. मीखाएल चिलखतात आहे आणि सैतान माणसांना नरकात ढकलतायत. मेमलिंग बहुधा रोखिरच्याच हाताखाली शिकला, तरी पारडं उलटं!

बोनच्या चित्रात मात्र सैतान एकही नाही, आणि मला ते जास्त भयंकर वाटतं. पापी लोक कुणी न ढकलता, एकमेकांना ओढत, अडखळत आपसूक आगीकडे चाललेत. आपल्याच वजनाने घसरत गेल्यासारखे. पारडं खाली जाणं आणि ही घसरण या दोन्हींमागे एकच विचार आहे, असं माझं मत. वर ख्रिस्ताच्या तोंडाजवळ एका बाजूला लिलीचं फूल, दुसऱ्या बाजूला तलवार. दया कुठे आणि शिक्षा कुठे हे अक्षरं न येणाऱ्यालाही कळावं.

कारण हे पाहणार होते आजारी लोक. चित्र काढलं ते ओतेल-दिएसाठी. बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर (मुख्य मंत्री) निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी 1443 मध्ये गरिबांसाठी स्थापन केलेलं हे रुग्णालय. लांबलचक वॉर्ड, भिंतींलगत खाटा आणि टोकाला प्रार्थनामंदिर. तिथल्या वेदीवर हे चित्र असे. मरणाच्या दारातल्या माणसाकडे हा मीखाएल थेट बघतो. रोलँचा स्वतःचाही हिशेब होताच. पृथ्वीवरची संपत्ती देऊन स्वर्गातली मिळवावी, असा व्यवहार त्याने स्थापनेच्या दस्तऐवजात सरळ मांडलाय. पक्का कारभारी माणूस!

एक गंमत: 19 व्या शतकात या चित्रातल्या नग्न आकृत्यांना रंगाने कपडे चढवले होते. पुढे दुरुस्तीत ते काढले.

आणखी एक. तुमच्या फोटोत चित्राची पॅनेलं (दारांसारख्या मिटणाऱ्या फळ्या) उघडी आहेत, पण ती रविवारी आणि सणावारी उघडत, एरवी मिटलेली. मिटल्यावर दिसतात गुडघे टेकलेले रोलँ दांपत्य आणि राखाडी रंगात, दगडी पुतळ्यांसारखे रंगवलेले दोन संत: सेबास्टियन आणि अँथनी. सेबास्टियनचा धावा प्लेगमध्ये करत. अँथनीचा धावा 'संत अँथनीच्या आगी'साठी, म्हणजे बुरशी लागलेल्या राय नावाच्या धान्याची भाकरी खाऊन हातपाय जळल्यासारखे होऊन झडत, त्या रोगासाठी. खाटेवरून आठवडाभर दिसायचे ते हे दोघे.