कोरियन लेखिका हान कांगची 'द व्हेजिटेरियन' ही कादंबरी आवडली असेल तर तिचीच 'ग्रीक लेसन्स' वाचावी का?

वाचा, पण तसाच धक्का मिळेल म्हणून नको. २०११ साली कोरियनमध्ये आलेली ही कादंबरी फार संथ आहे. सोलमधल्या प्राचीन ग्रीकच्या वर्गात दोघं भेटतात: घटस्फोटानंतर मुलाचा ताबा गमावलेली, वाचा गेलेली विद्यार्थिनी आणि हळूहळू दृष्टी जात चाललेला शिक्षक. ती बोलत नाही, त्याला धड दिसत नाही. मग एकमेकांपर्यंत पोचायचं कसं? त्याचा चष्मा फुटतो आणि ती त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं लिहिते, तो भाग मला सगळ्यात आवडला. शिक्षकाच्या जर्मनीतल्या आठवणी मात्र (माझ्या मते) जरा लांबल्यात. २०२३चा इंग्रजी अनुवाद दोनशे पानांच्या आत आहे. सलग वाचा, मध्ये सोडली की कोण बोलतंय तेच कळत नाही.