वर्षभराची कॉमिक्स परीक्षणं तपासताना

वर्षभर परीक्षणं लिहिलीत, आता नवं लिहिण्याआधी जुनी दहा काढा. कथानक सांगणारी वाक्यं एका रंगाने रंगवा, चित्रांविषयीची दुसऱ्या. नवख्यांच्या लेखनात बहुधा पहिलाच रंग पानभर पसरतो, कारण गोष्ट आठवते आणि चौकटी विसरतात. म्हणून पुस्तकाचं दुसरं वाचन हातात पेन घेऊनच करा. संवाद न वाचता नुसती पानं उलटा आणि नजर अडखळली तो पृष्ठक्रमांक टिपा. अडखळण्याचं कारण बरेचदा संवादाच्या फुग्यांच्या जागेत असतं: उत्तराचा फुगा प्रश्नाच्या वर गेला की वाचक ते आधी वाचतो.

पान उलटण्याकडे खास लक्ष द्या, इथेच कॉमिक्सची खरी गंमत आहे. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात गोष्टीतला धक्का डाव्या, म्हणजे सम पानावर ठेवतात. तो उजव्या पानावर आला तर समोर दिसून आधीच फुटतो. पीडीएफ वाचताना दोन पानं शेजारी लावा, पण मुखपृष्ठ एकटं ठेवा. नाहीतर सगळ्या जोड्या एका पानाने सरकतात आणि दोष चित्रकाराच्या माथी बसतो. मोबाइलवर एकेक चौकट वाचून तर परीक्षण लिहूच नका.

श्रेयनामावलीही तपासा. अमर चित्र कथा म्हटलं की तिचे संपादक अनंत पै आठवतात, पण तिचे चित्रकार राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्या रेषेविषयी कितीजण लिहितात? लेखक, चित्रकार, रंगकार, अक्षरलेखक (फुग्यांतली अक्षरं काढणारा) असे चार रकाने वहीत आखा. कोणता रकाना वर्षभर रिकामा राहिला, त्यावरूनच पुढची पुस्तकं निवडा.