गोलावरचा दोरा आणि जहाजाची वाट

प्रश्न: मी फोंड्याचा, भूगोलाचा निवृत्त शिक्षक. मुलगा कंटेनर जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. जानेवारीत लॉस एंजेलिसहून योकोहामाला निघाला, तेव्हा रोज दुपारची पोझिशन व्हॉट्सॲपवर पाठवायचा. मी घरच्या पृथ्वीगोलावर दोन्ही बंदरांमध्ये दोरा ताणला, तर तो वर वाकून पार अल्युशियन बेटांच्या दिशेने गेला. जहाज मात्र 34 अंश अक्षांशावरून नाकासमोर पश्चिमेला. विचारलं तर म्हणतो, ‘रूटिंगवाल्यांनी सांगितलं.’ लांबच्या वाटेने जाण्यात कंपनीला काय मिळतं?

उत्तर: सर, तुमचा दोरा बरोबर आहे. जवळची वाट तीच, साधारण 4,800 सागरी मैलांची. तुमचा मुलगा गेला ती वाट अडीचशेच्या आसपास मैलांनी लांब. 16 नॉट, म्हणजे ताशी 16 सागरी मैल वेगाने हे झाले सोळा तास.

पण जानेवारीत त्या दोऱ्यावर एकामागून एक वादळं पूर्वेकडे सरकत असतात. तुमचा मुलगा चालला होता पश्चिमेला, म्हणजे वारा आणि लाट दोन्ही तोंडावर. सहा-सात मीटरच्या लाटेवर जहाजाचं नाक आदळायला लागलं की कॅप्टन इंजिनाचा वेग उतरवतो. वेग 16 वरून 10 वर आला की दिवसाला 144 मैल गेले. असे दोन दिवस काढले की वाचवलेले मैल कधीच संपले. वर जळलेलं तेल आणि तुटलेली लॅशिंग, म्हणजे कंटेनरची बांधणी, वेगळी.

तिसरी वाटही आहे. वादळातल्या कमी दाबाभोवती आपल्या गोलार्धात वारा घड्याळाच्या उलट फिरतो, हे तुम्ही फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. म्हणजे केंद्राच्या उत्तरेला वारा पूर्वेचा, जहाजाच्या पाठीवर. म्हणून काही कॅप्टन अल्युशियन बेटांमधल्या युनिमॅक खिंडीतून थेट बेरिंग समुद्रात शिरतात, बेटांच्या आडोशाने जातात. डेकवर बर्फ चढतो तिथे. मला ती वाट कधी आवडली नाही.

रूटिंगवाले म्हणजे जमिनीवरचं ऑफिस. जहाज पाण्यात किती खोल बसलंय, कुठल्या लाटेत किती वेग टिकतो, हे सगळं अंदाजाशी जुळवून ते वाट सुचवतात आणि नवा अंदाज आला की बदलतात. आम्ही वेदर फॅक्सच्या, म्हणजे रेडिओवरून येणाऱ्या हवामान नकाशाच्या, ओलसर कागदावर कमी दाबाची केंद्रं निळ्या पेन्सिलीने जोडायचो. पाच दिवसांपुढचं कधी पेनाने आखलं नाही. आजही आखू नये.

एकदा जुलैमध्ये मुरगावहून खनिज भरून एडनकडे निघालो होतो, मी तेव्हा सेकंड ऑफिसर. सरळ पश्चिमेला गेलो असतो तर एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाच्या बाजूचा ऐन पावसाळी वारा अंगावर घेतला असता. कॅप्टनने आधी दक्षिण धरली, आठ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, आणि मग पश्चिम. खनिजाचं वजन तळाला, त्यामुळे जहाज कललं की झटका मारून सरळ होतं. तरीही चहाचा कप टेबलावर ओल्या फडक्यावर टिकत होता. जहाज भाड्याने घेतलेल्या कंपनीचा टेलेक्स आला: जादा मैल कशाला? कॅप्टनने तो वाचला, घडी घातली आणि लॉगबुकात ठेवून दिला. उत्तर एडनला पोचल्यावर दिलं. आता तर सोलास या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातच आहे, की सुरक्षिततेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात मालक किंवा भाडेकरूने आडवं येऊ नये. रूटिंगवाल्यांचा तो सल्ला, हुकूम नव्हे. तुमच्या मुलालाही हे कळू द्या. ‘त्यांनी सांगितलं’ हे थर्ड ऑफिसरच्या तोंडी शोभतं, पुढे नाही.

पुढच्या फेरीत पोझिशनबरोबर बॅरोमीटरचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडाही मागवा आणि गोलाशेजारी वहीत लिहीत जा. आकडा भराभर उतरायला लागला, म्हणजे वादळ जवळ येत असेल, तर त्या रात्री मेसेजची वाट पाहत जागू नका. त्याला वेळ नसेल.