मुलगी सुट्टीत कार शिकतेय. दोन महिन्यांत एकटीने, मैत्रिणींना घेऊन जाण्याइतकी तयार होईल का?

गाडी चालवायला येईल. एकटीने न्यायची तयारी मात्र एवढ्यात होणार नाही. बऱ्याच घरांत पहिलं जमलं की दुसरंही जमलं असं धरून चालतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडे कायद्याने लागणारं वय आणि शिकाऊ लायसन्स या गोष्टी झालेल्या आहेत असं समजतो.

क्लच, गिअर, स्टिअरिंग हे हातापायांचं काम, आणि या वयात ते पटकन जमतं. चढावर मागे न सरकता गाडी उचलणं, रिव्हर्स घेणं, हे सुट्टीत आरामात होऊन जाईल. वेळ लागतो तो नजर तयार व्हायला. नवीन चालकाची नजर बॉनेटच्या जरा पुढे खिळलेली असते. लांबचं, आरशातलं, कडेचं त्याला दिसतच नाही, किंवा दिसलं तरी त्यातून पुढे काय होणार हे कळत नाही.

यावर एकच उपाय मला खात्रीने सांगावासा वाटतो. तिला बोलत बोलत गाडी चालवायला लावा. जे दिसतंय ते मोठ्याने सांगायचं. मी पुतणीला असंच शिकवलं. सुरुवातीला ती नुसती नावं घ्यायची: स्कूटर, खांब, कुत्रा, सिग्नल. मग एकदा कडेला उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून जाताना म्हणाली, "त्या पांढऱ्या गाडीची पुढची चाकं वळलीत, ती बाहेर निघणार." आणि हे बोलेपर्यंत तिचा पाय ब्रेकवर गेलेलाही होता. तुमच्या मुलीच्या तोंडून अशी वाक्यं आपोआप यायला लागली की समजा, नजर तयार होतेय.

वेगाचं गणितही तिला एकदा समजावून द्या. ताशी ६० किमी वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडायच्या आधीच बरंच अंतर कापलेलं असतं. शिवाय वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला चौपट अंतर लागतं. मोकळ्या जागेत, मागे कुणी नाही हे बघून, कचकचून ब्रेक मारायचा सरावही करून घ्या. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत अशा वेळी पेडल पायाखाली थरथरतं. हे ठाऊक नसेल तर माणूस दचकून पाय उचलतो, आणि तो तर दाबूनच धरायचा असतो.

शेजारी बसून "अगं, ब्रेक!" असं ओरडू नका. ती आधी तुमच्याकडे बघेल. सूचना लवकर आणि शांतपणे द्या, आधी कुठे आणि मग काय: "पुढच्या चौकात वळायचंय." रागवायचंच असेल तर गाडी कडेला घेऊन, बंद करून.

सुट्टीतल्या शिकण्यात एक उणीव राहतेच. रस्ता कोरडा, वेळ दिवसाची आणि बहुधा रोजचाच रस्ता. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून टायर घसरतात. संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. म्हणून सुट्टी संपली तरी शेजारी बसणं सोडू नका.

आता मैत्रिणींचं. इथे मी ठाम नाही म्हणेन. कोवळ्या वयाच्या चालकासोबत त्याच वयाची मुलं बसली की जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो, आणि जितकी मुलं जास्त तितका जास्त, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली, तेव्हा मधल्या टप्प्यावर दोन निर्बंध घातले: अनुभवी चालक सोबत नसेल तर रात्री १० ते पहाटे ५ गाडी चालवायची नाही आणि इतर प्रवासी बसवायचे नाहीत. नंतर ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेतही अशा पद्धती आल्या.

तुमच्याकडे असा कायदा नसला तरी घरात हा नियम करता येतो. लायसन्स मिळाल्यावर पहिले सहा महिने तरी एकटीने जायचं ते दिवसा, ओळखीच्या रस्त्याने आणि गाडीत मैत्रिणी न घेता. हे तिच्याशी आत्ताच, शिकणं चालू असतानाच बोलून ठरवा. चावी हातात दिल्यावर सांगितलंत तर तिला वाटेल, आपल्यावर विश्वास नाही.