सत्तापालटाची डॉक्युमेंट्री आणि सोसायटीतलं भांडण

प्रश्न : नमस्कार ताई, कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा डॉक्युमेंट्री बघतो, नंतर चहा आणि चर्चा, ती मी चालवतो. मागच्या वेळी चिलीतल्या १९७३ च्या लष्करी उठावावरच्या ‘द बॅटल ऑफ चिली’चा पहिला भाग लावला तर एक काका म्हणाले हा सरळसरळ डाव्यांचा प्रचार आहे, दुसरी बाजू कुठंय? त्यावर कॉलेजातली एक मुलगी म्हणाली लष्करी उठावाला कसली आलीये दुसरी बाजू, आणि आवाज चढले. मी तटस्थ राहायचं म्हणून गप्प बसलो तर दोघंही माझ्यावरच चिडले. काय करायला हवं होतं?

उत्तर : दादा, चिडणारच, तुम्ही बोलायला हवं होतं.

काकांचं आधी घेते कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. दिग्दर्शक पात्रिसिओ गुस्मान हे उठावात हटवलेले चिलीचे समाजवादी राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या बाजूचे होते, फिल्मचं एडिटिंग क्युबात झालं, हे फिल्म लावायच्या आधीच सांगून टाकायचं. आयेंदेंना १९७० च्या निवडणुकीत साधारण ३६ टक्केच मतं होती, महागाई आणि टंचाईनं लोक कावले होते, ऑगस्ट १९७३ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं सरकार घटना मोडतंय असा ठराव केला, हेही सांगा. आणि आयेंदेंच्या विरोधकांना सीआयएचा पैसा जात होता हे अमेरिकन सिनेटच्याच समितीनं १९७५ मध्ये मांडलं, तेही सांगा, ते काकांना आवडणार नाही तरी.

पण ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं ला मोनेदा या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर विमानांतून बॉम्ब टाकले, लष्करप्रमुख पिनोशे १९९० पर्यंत सत्तेवर राहिले, ३ हजारांहून जास्त माणसं मारली किंवा गायब केली गेली, याच फिल्मचा कॅमेरामन होर्खे म्युलर, त्याला १९७४ मध्ये धरून नेलं तो परत आलाच नाही. यात निम्मं-निम्मं काही करता येत नाही हो, हे घडलंय. आयेंदेंचं काय चुकलं, अमेरिकेचा हात नेमका किती, यावर खुशाल रात्री अकरापर्यंत भांडा.

त्या मुलीला मात्र व्हेनेझुएलाची फिल्म दाखवा, २००३ ची ‘द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड’. एप्रिल २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चावेझना हटवलं आणि दोनच दिवसांत ते परत आले, तेव्हा फिल्मचा क्रू राजवाड्याच्या आत होता, बघताना अंगावर काटा येतो. त्यात चावेझ समर्थक एका पुलावरून गोळ्या झाडताना दिसतात आणि खालचा रस्ता रिकामा दिसतो, म्हणजे त्यांनी विरोधकांच्या मोर्चावर झाडल्या नाहीत असं आपल्याला वाटतं. विरोधकांनी २००४ मध्ये उलट डॉक्युमेंट्रीच काढली, सावल्यांवरून त्यांचं म्हणणं की रिकाम्या रस्त्याचं शूटिंग वेगळ्या वेळेचं आहे. आता ही उलट फिल्म काढणारेही चावेझविरोधी, मग त्यांच्याही शॉट्सना तोच प्रश्न विचारायचा, हा कधीचा, आधी-नंतर काय कापलं. सावली काय कुठल्या पक्षाची नसते. आणि शॉट जुळत नसला तरी सत्तापालट झाला हे खोटं ठरत नाही, इथं खूप जण घसरतात.

तुमचं स्वतःचं मत असेल तर तेही सांगा, फक्त शेवटी सांगा. मला स्वतःला आयेंदेंबद्दल सहानुभूती आहे, वरचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

पुढच्या वेळी तो पुलाचा भाग थांबवून थांबवून दाखवा, आणि सावल्या बघायचं काम काका आणि त्या मुलीला मिळून द्या.