ॲनिमियातला ‘अन्’ आणि आमटीतलं मीठ

प्रश्न असा आला आहे: “आईच्या रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९.२ आणि खाली ॲनिमिया असं लिहून आलं. भाऊ मेडिकलच्या पहिल्या वर्षाला, त्याच्या तोंडी दिवसभर ॲनाटॉमी. मागे आईचं ऑपरेशन झालं तेव्हा ॲनेस्थेशिया हा शब्द कानावर पडला. मी स्वतः कॉलेजात ॲनालिसिस शिकले. या सगळ्यांच्या सुरुवातीचा ‘ॲन’ एकच आहे का? आपल्या अनादर, अनर्थ या शब्दांतल्या ‘अन्’शी त्याचं काही नातं लागतं का? आणि ॲनिमियाला चांगला मराठी शब्द कोणता?”

नातं लागतं, आणि तेही सख्खं. मात्र चार शब्दांपैकी दोघांचंच. ॲनिमिया आणि ॲनेस्थेशिया यांत नकार आहे. ॲनाटॉमी आणि ॲनालिसिस यांतला ‘ॲना’ हा वेगळाच उपसर्ग आहे, त्याचा नकाराशी संबंध नाही.

आधी सख्ख्या नात्याबद्दल. संस्कृतात नकारासाठी शब्दाला ‘अ’ लागतो: ज्ञात, अज्ञात. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर ‘अन्’ लागतो: आदर, अनादर; अर्थ, अनर्थ. पाणिनीने हे दोन पायऱ्यांत सांगितलं आहे. समासात नकारार्थी ‘न’मधला न् गळतो आणि अ उरतो, पुढे स्वर आला तर त्या स्वराच्या आधी एक न् येऊन बसतो. आता ग्रीक पाहा. तिथेही व्यंजनापूर्वी ‘अ’, स्वरापूर्वी ‘अन्’. नियम अक्षरशः तोच आहे. दोघांनी एकमेकांकडून उसना घेतलेला नाही, दोघांना तो एकाच घरातून मिळाला आहे. या दोन्ही भाषांच्या मूळ पूर्वज भाषेत नकाराचा हा न् स्वरासारखा उच्चारला जाई. संस्कृतात आणि ग्रीकमध्ये त्याचा अ झाला, लॅटिनमध्ये ‘इन्’ आणि इंग्रजीत ‘अन्’. इनव्हॅलिडमधला ‘इन्’ आणि अनफिटमधला ‘अन्’ ही त्याच कुटुंबातली भावंडं.

काही जोड्या तर इतक्या जवळच्या आहेत की पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी वही बंद करून नुसता बसून राहिलो होतो. जुन्या संस्कृतात ‘अनुद्र’ म्हणजे पाणी नसलेला. ग्रीकमध्ये त्याच अर्थाचा ‘अन्युद्रॉस’. रसायनशास्त्रात ॲनहायड्रस म्हणतात आणि आपण निर्जल म्हणतो, तो शब्द याच घराण्यातला. ग्रीक महाकाव्यात कधीही न संपणाऱ्या कीर्तीला ‘क्लेओस आफ्थितॉन’ म्हटलं आहे. ऋग्वेदात ‘श्रवः’ आहे आणि त्याला ‘अक्षितम्’ हे विशेषण आहे. क्लेओस म्हणजेच श्रवस्, आफ्थितॉन म्हणजेच अक्षित. आडालबर्ट कून या जर्मन अभ्यासकाने १८५३ साली हे साम्य दाखवलं. नकाराचा तो छोटासा अ दोन्हीकडे जसाच्या तसा आहे.

हे नातं आपल्या कानाला चटकन कळत नाही, त्याचं कारण इंग्रजी उच्चार. आपण हे शब्द इंग्रजीच्या हातून घेतले. एकाच ‘अ’चा ॲटममध्ये ‘ॲ’ झाला, एसिम्प्टोमॅटिकमध्ये ‘ए’ झाला, अफेजियामध्ये ‘अ’ राहिला. तिन्ही एकच आहेत असं ऐकून कोणाला वाटेल?

ॲनिमियाची फोड करू. ‘हायमा’ म्हणजे रक्त. हिमोग्लोबिन, हिमोफिलिया यांतला ‘हिमो’ तोच. पण मग प्रश्न येतो की ‘ह’ हे व्यंजन आहे, तर आधी ‘अ’ का लागला नाही? कारण ग्रीकांच्या लेखी हा ‘ह’ म्हणजे स्वराआधी सोडलेला नुसता श्वास होता, स्वतंत्र अक्षर नव्हतं. शब्द स्वरानेच सुरू होतो असं ते धरत. म्हणून अन् + हायमा, आणि मधला श्वास गळून ‘अनायमिया’. लॅटिन आणि इंग्रजीतून येताना त्याचा ॲनिमिया झाला. ल्युकेमिया, सेप्टिसेमिया यांच्या शेवटी येणारा ‘एमिया’ही हाच, रक्ताचा.

ॲनेस्थेशियात ‘आयस्थेसिस’ आहे, म्हणजे जाणीव, संवेदना. शब्द ग्रीकांच्या काळापासूनचा, पण शस्त्रक्रियेशी तो कायमचा जोडला गेला १८४६ साली. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करता येते हे दाखवलं, आणि पुढच्याच महिन्यात ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्याला पत्र लिहून हा शब्द सुचवला. मराठीने मात्र स्वतःचा शब्द केला: भूल. भूल देणे, भूल उतरणे, भूलतज्ज्ञ. संवेदनाहरण, बधिरीकरण हे शब्द कागदावर आहेत, पण दवाखान्यात कोणी ते उच्चारत नाही. भूल हा मला अतिशय आवडणारा शब्द आहे, कारण भुलण्यात जाणीव जाणं आहे आणि विसरणंही आहे. ग्रीकला त्यासाठी दोन शब्द लागतात, ॲनेस्थेशिया आणि ॲम्नेशिया. दोन्हीकडे तोच नकार. ॲम्नेशियातला ‘म्ने’ हा आपल्या मन, मनन यांच्या धातूचा चुलतभाऊ.

आता ॲनाटॉमी. ‘ॲना’ म्हणजे वर, पुन्हा, आरपार. ‘टोमे’ म्हणजे कापणं. आरपार कापून उलगडणं ती ॲनाटॉमी. ॲनालिसिसमध्ये ‘ल्युसिस’ म्हणजे सोडवणं, गाठ मोकळी करणं. गंमत अशी की ॲटम हा शब्दही याच कापण्याच्या धातूचा: अ + टॉमॉस, जो कापता येत नाही तो, आपल्या भाषेत अच्छेद्य. म्हणजे ॲटम आणि ॲनाटॉमी यांत धातू एकच, पण एकात नकार आहे आणि दुसऱ्यात नाही. (जाता जाता, आपल्या ‘अणू’मधला अ नकाराचा नाही. अणू म्हणजे सूक्ष्म. ॲटम आणि अणू हे अर्थाने जोडले गेलेले शब्द आहेत, व्युत्पत्तीने नव्हेत.)

हा घोटाळा परका वाटत असेल तर मराठीतली एक जोडी पाहा: अनुदान आणि अनुदार. दिसायला शेवटच्या अक्षराचा फरक. पण अनुदान म्हणजे अनु + दान आणि अनुदार म्हणजे अन् + उदार. शाळेत संधी सोडवताना हीच चूक आपण सगळ्यांनी केली आहे. ग्रीकसाठीही पद्धत तीच: दोन्ही तऱ्हेने तोडून पाहायचं आणि उरलेला तुकडा अर्थ देतो का ते तपासायचं. एवढी काळजी घेऊनही फसायला होतंच, कारण स्वरापुढे ‘ॲना’मधला शेवटचा आ गळतो. ॲनोड हा विजेचा धनाग्र ‘रस्ता नसलेला’ नाही. ॲना + होडॉस, म्हणजे वर जाणारा रस्ता. हे नाव विल्यम ह्यूवेल यांनी १८३४ साली फॅरडेंना सुचवलं. धमनी फुगते त्या ॲन्युरिझममध्येही नकार नाही. ॲना + युरुस, रुंद होणं. हा युरुस म्हणजे संस्कृतमधला उरु, विस्तीर्ण.

आणि काही शब्दांत यांपैकी काहीच नसतं. अस्थमा म्हणजे धाप. त्यातला अ मूळ शब्दाचाच. ॲमिबा बदलणारा म्हणून ॲमिबा. ॲस्पिरिनमधला ॲ तर ॲसिटिलचा आहे. बायर कंपनीने १८९९ साली ते नाव घेतलं.

खरी मजा मात्र पुढे आहे, आणि तुमच्या आईच्या रिपोर्टचा अर्थ लावायला तीच लागते. अन् + रक्त म्हणजे ‘रक्त नसलेला’. पण रक्तच नसलेला माणूस रिपोर्ट घ्यायला कसा येईल? प्रौढ बाईचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाप्रमाणे त्याला ॲनिमिया म्हणतात. तुमच्या आईचं ९.२ आहे. म्हणजे रक्त आहे, रक्ताला रंग देणारं द्रव्य कमी आहे. मग शब्द चुकला का?

चुकला नाही. नकार म्हणजे फक्त अभाव हा आपला समज अपुरा आहे. आपल्याकडच्या वैयाकरणांनी या ‘अ’चे सहा अर्थ मोजले: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य (वाईटपणा) आणि विरोध. अल्पतेसाठी त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे ‘अनुदरा कन्या’. शब्दशः पोट नसलेली मुलगी, अर्थात बारीक कमरेची. ॲनिमियातला अन् नेमका हा आहे. अन्-उदरा आणि अन्-हायमा, एकाच साच्यातले.

आणि यासाठी संस्कृतपर्यंत जायचीही गरज नाही. आमच्या घरी आमटीचा पहिला घास घेतला की बाबा म्हणत, “अगं, आमटीत मीठच नाही.” मीठ असायचंच. आई चिमूटभर वरून घालायची आणि आमटी जागेवर यायची. बाबांनाही ते ठाऊक होतं. ‘नाही’ म्हणताना त्यांना ‘हवं तेवढं नाही’ असंच म्हणायचं असे. माझी आजी शेजारच्या फिकट पोरीकडे बघून म्हणायची, “हिच्या अंगात रक्तच नाही.” वैद्याने ग्रीक नाव देताना आणि आजीने ओसरीवर बसून बोलताना नकार एकाच रीतीने वापरला आहे.

बाकीचे अर्थही मराठीत रोज भेटतात. अनर्थ झाला म्हणजे अर्थ उरला नाही असं नव्हे, जे झालं ते भलतंच वाईट झालं. अवेळी आला म्हणजे वेळ नव्हती असं नाही, वेळ वाईट होती. हे अप्राशस्त्य. अधर्मात विरोध आहे. विरोधाचं वैद्यकातलं उदाहरण म्हणजे ॲनाफायलॅक्सिस, एखाद्या औषधाने किंवा दंशाने अचानक जिवावर बेतणारी ॲलर्जी. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०२ साली हा शब्द केला. ‘फायलॅक्सिस’ म्हणजे संरक्षण. पहिल्या मात्रेने शरीर सावध होऊन संरक्षण मिळायला हवं, ते न होता दुसरी मात्रा उलट घातक ठरते, म्हणून संरक्षणाच्या विरुद्ध. नकाराच्या नियमाने तो ‘अफायलॅक्सिस’ व्हायला हवा होता, इथे मात्र ॲना आला. रिशे यांना या कामासाठी १९१३ चं नोबेल मिळालं.

नकार पूर्ण की अपुरा हे मी एकदा अंगावर अनुभवलं आहे. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनला कमरेत भूल दिली होती. भूलतज्ज्ञ बाईंनी स्पिरिटचा बोळा पोटावरून फिरवला आणि विचारलं, “गार लागतंय?” बोळा फिरतोय हे कळत होतं, गारवा मात्र अजिबात कळत नव्हता. मी तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग झालंय काम.” अशा भुलीत गार आणि दुखणं यांची जाणीव आधी जाते, स्पर्शाची शेवटी. टेबलावर पडल्या पडल्या मला ‘अन् + आयस्थेसिस’ आठवला. जाणीव नाही, पण अगदीच नाही असंही नाही.

काही शब्दांत नकार तसाच राहिला आणि ज्याला नकार दिला तेच बदललं. ॲस्फिक्सिया म्हणजे आज आपण गुदमरणं म्हणतो. मुळात ‘स्फिक्सिस’ म्हणजे नाडीचा ठोका. ॲस्फिक्सिया म्हणजे नाडी न लागणं. नाडीकडून श्वासाकडे शब्द सरकला. श्वासाचा खरा शब्द ॲप्निया आहे, झोपेत श्वास अडकतो त्या विकारात तो आता घरोघरी पोचलाय. भूक मरते ती ॲनोरेक्सिया, आणि आयुर्वेदात तिला अरुची, अरोचक म्हणतात. तिथेही पहिलं अक्षर तेच.

एक अपवाद सांगायचा मोह आवरत नाही. १८९४ साली रेली आणि रॅमसे या शास्त्रज्ञांना हवेत एक वायू सापडला, जो कशाशीच संयोग पावेना. त्याला नाव दिलं आरगॉन: अ + एर्गॉन, काम न करणारा. पण एर्गॉन स्वराने सुरू होतो, मग ‘अनेर्गॉन’ का नाही? कारण फार जुन्या ग्रीकमध्ये तो ‘वेर्गॉन’ होता. इंग्रजीतला वर्क तोच. पुढे तो ‘व’ उच्चारातून गेला, लिपीतूनही गेला, पण हा शब्द त्याआधीच घडला होता. नाहीशा झालेल्या व्यंजनाची जागा त्या अ ने राखून ठेवली आहे.

मराठीने हा उपसर्ग आपल्या मातीतल्या शब्दांनाही लावला. ओळख हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला नाही, तरी अनोळखी नियमाला धरून झाला. अनमोलमध्ये पुढे व्यंजन असूनही अन आला. प्राकृतात ही सूट होतीच.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. पाठ्यपुस्तकात रक्तक्षय असतो. मला तो पसंत नाही, कारण क्षय ऐकला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना टीबी आठवतो आणि ती घाबरतात. पांडुरोग हा आयुर्वेदाचा शब्द, फिकटपणावरून आलेला. पण काही लोक तो काविळीलाही वापरतात. लिहिताना मी रक्ताल्पता लिहीन, कारण त्यात अल्पता उघड सांगितली आहे. आईशी बोलताना मात्र ‘रक्त कमी आहे’ एवढंच म्हणा. ‘अंगात रक्तच नाही’ असं कोणी म्हणालं आणि तिने मनाला लावून घेतलं, तर तिला आमटीची गोष्ट सांगा.